हॅना हार्लंडच्या केसांचं कडं

१

सायलस हार्लंडचे केस कापायला मला बोलावलं, तेव्हा त्याचं अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं.

व्हिटबीत माणूस मेला की त्याचे केस माझ्याकडे येतात. मी ते सोड्याच्या पाण्यात उकळते, पेड घालून विणते, आणि त्यांचे ब्रोच, अंगठ्या, कडी करून देते. राणीसाहेबांनी नवऱ्यामागे काळे कपडे घातले ते काढलेच नाहीत, त्यामुळे सगळा देश सुतक मिरवायला शिकला आणि आमच्या गावाला बरकत आली. समुद्रकाठच्या कड्यांतून काळा जेट दगड निघतो, त्याचे दागिने गावात घडतात. सायलसच्या कारखान्यात चाळीस कारागीर होते. जेटचं काम त्याचं, केसांचं माझं, असं आमचं वीस वर्षं चाललं होतं.

दहा दिवस उलट्या आणि पोटात पेटके, आणि अकराव्या दिवशी सकाळी माणूस गेला. १८७६चा जून महिना होता.

खोलीत त्याची दुसरी बायको लेव्हिनिया खिडकीशी उभी होती. वय तीस. स्कारबरोला टोप्यांच्या दुकानात होती, तीन वर्षांपूर्वी हार्लंडबाई होऊन इथे आली. गावानं तिला एक दिवससुद्धा आपली मानलं नव्हतं. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला सायलसची मुलगी थिर्झा होती, बावीस वर्षांची, पहिल्या बायकोची. तिची आई हॅना सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ही पोर माझ्या दुकानात येऊन बसायची. केस विणायला मीच तिला शिकवलं. मला मूल नाही, पण ती मावशी म्हणून हाक मारायची, तेवढ्यावर माझं भागत होतं.

"ब्रोचपुरते घ्या," लेव्हिनिया म्हणाली. "थिर्झा, तुला काय करून हवंय?"

"मला नकोत," थिर्झा म्हणाली.

मला वाटलं, दुःखानं बोलतेय. दहा दिवस ती बापाच्या उशाशी होती. काळा झगा तिच्या अंगावर लोंबत होता, इतकी वाळली होती. हातात आईच्या केसांचं कडं होतं, सोळा पेडांचं, माझ्याच हातचं. ते मात्र मनगटात रुतलं होतं.

मी कात्री लावणार तेवढ्यात डॉक्टर पिनॉक जिना चढून वर आले. त्यांच्यामागे स्वयंपाकीण डॉर्कस होती आणि तिच्या हातात कागदाची एक पुडी.

"कोणी कशाला हात लावू नका," डॉक्टर म्हणाले. "मिसेस हार्लंड, हा सोमल तुमच्या खणात काय करत होता?"

२

सायलसच्या पोटात सोमलाचं विष सापडलं. लेव्हिनियाला यॉर्कच्या तुरुंगात नेलं, आणि गावानं मनातल्या मनात खटला चालवून तिला फासावर चढवूनही टाकलं. मासळीबाजारात बायका उघड म्हणायच्या, "टोपीवालीनं म्हातारा उरकला." तो काही म्हातारा नव्हता, बावन्नचा होता. पण तरुण बायको आली की नवरा आपोआप म्हातारा होतो.

महिनाभरानं माझ्या दुकानात एक उंच, वाकलेला माणूस आला. एलियास क्रॅग, नॉर्थॲलर्टनहून आलेला इन्स्पेक्टर. पेपरमिंटची गोळी चघळत तो माझ्या भिंतीवरचे केसांचे नमुने बघत राहिला.

"हे सगळे मेलेल्यांचे?"

"बहुतेक. काही नुसतेच दूरदेशी गेलेल्यांचे."

"मिस वेदरिल, त्या घरात तुमचं येणंजाणं होतं. गाव सोडून दुसरं कोणीतरी मला काहीतरी सांगेल, अशी आशा धरून आलोय."

"गावानं काय सांगितलं?"

"सगळ्यांनी एकच. म्हणून तर मला संशय येतो."

त्यानं सगळ्यांच्या जबान्या घेतल्या होत्या आणि त्या माझ्यापुढे पत्त्यांसारख्या मांडल्या. आजाऱ्याच्या पोटात फक्त आरारूटची लापशी जात होती. डॉर्कस ती शिजवायची, लेव्हिनिया वर न्यायची, थिर्झा चमच्यानं भरवायची. कारखान्याचा मुकादम एनॉक स्वेल्स रोज भेटायला यायचा आणि खाली बैठकीत लेव्हिनियाशी दहा मिनिटं बोलायचा. त्या दहा मिनिटांवर गावानं दहा कादंबऱ्या रचल्या होत्या.

"एनॉकला विचारलंत?"

"विचारलं. म्हणाला, 'साहेब, मालक आजारी असताना कामाचं कोणाला विचारू, त्यांच्या मांजराला?' बरोबर बोलला. तो एकदाही वर खोलीत गेलेला नाही."

"आणि डॉर्कस?"

"ती हॅनाबाईंसाठी अजून रडते. म्हणाली, 'आमच्या बाईंना मालकांनी फुलासारखं जपलं. आजारपणात रात्रीचा वाइनचा पेला स्वतःच्या हातानं द्यायचे. आणि या नवीन बाईलाही तसाच द्यायचे हो, मार्चमध्ये ही आजारी पडली तेव्हा. अशा देवमाणसाला हिनं मारलं.'" क्रॅगनं गोळी या गालातून त्या गालात सरकवली. "आणखी म्हणाली, मालकांचा जीव मुलीवर. हात थरथरायचा, म्हणून सहा वर्षं दाढी तिच्याकडूनच करून घ्यायचे. दुसऱ्या कोणाला दाढीच्या डब्याला हात लावू द्यायचे नाहीत."

मी म्हणाले, "मग यात नवीन काय?"

त्यानं खिशातून दोन छोट्या बाटल्या काढून माझ्या विणायच्या पाटावर ठेवल्या. एकीत निळसर पूड होती, दुसरीत पांढरी.

"ही निळी बाईंच्या खणातली. आणि ही पांढरी," तो म्हणाला, "सायलस हार्लंडच्या पोटातली."

३

सोमल दुकानातून विकत घ्यायचा तर सही करावी लागते, आणि औषधवाला त्यात नीळ किंवा काजळी मिसळूनच देतो. पिठाशी घोटाळा होऊ नये म्हणून तसा कायदाच आहे. लेव्हिनियानं मे महिन्यात उंदरांसाठी पुडी आणली होती, भरदिवसा, सही करून. ती निळी होती.

"पांढऱ्या लापशीत नीळ पडली तर आंधळ्यालाही दिसेल," क्रॅग म्हणाला. "दहा दिवस तो माणूस निळी लापशी खाईल का? आणि डॉक्टरांना त्याच्या पोटात निळेपणाचा मागमूस सापडला नाही. बाईंची पुडी वेगळी, मारणारी वेगळी."

"मग पांढरा सोमल येतो कुठून?"

"मेंढ्या धुवायला शेतकरी पिंपानं घेतात, त्यात रंग नसतो. सायलसच्या भावाचं माळावर मेंढ्यांचं शेत आहे. भाऊ म्हणतो, सात-आठ वर्षांपूर्वी सायलस वाटीभर मागून घेऊन गेला होता. कशाला, ते त्यानं विचारलं नाही."

सात-आठ वर्षांपूर्वी हॅना जिवंत होती.

क्रॅग माझ्याकडेच बघत होता.

"बाईंना तुरुंगात भेटलो," तो म्हणाला. "उशीवर केस पडलेले दिसले, मूठमूठ. त्या म्हणाल्या, मार्चपासून गळतायत. उलट्या, पेटके, हातापायांना मुंग्या. मग जूनच्या सुरुवातीला आपोआप बरं वाटायला लागलं. जूनच्या सुरुवातीला काय झालं, मिस वेदरिल?"

"सायलस आजारी पडला."

"म्हणजे रात्रीचा पेला द्यायला उठणारं कोणी राहिलं नाही." तो उठला. "मला तुमचा हात हवाय. त्या बाई माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि मला त्यांचे केस हवेत. मुळापासून, नीट बांधून."

दुसऱ्या दिवशी आम्ही यॉर्कला गेलो. लेव्हिनियानं मला बघून तोंड वाकडं केलं.

"माझेही विणणार? थोडं थांबला असतात, लवकरच मिळाले असते."

"तुम्हाला वाचवायला आलेय, बाई."

"व्हिटबीचं माणूस मला वाचवणार," ती म्हणाली आणि पाठ करून बसली. केस कापू दिले मात्र. हातात घेताच ते तुटत होते. कोठडीच्या कोपऱ्यात धुतलेल्या कपड्यांचं नीट घडी घातलेलं गाठोडं होतं. "थिर्झा आणते," ती म्हणाली. "दर आठवड्याला. तेवढी एकच येते. बसते, काही बोलत नाही, जाते."

क्रॅगनं ते केस रसायनवाल्याकडे धाडले, आणि त्यानं चार दिवसांत उत्तर दिलं. केस ॲसिडमध्ये विरघळवून, त्याचा वायू पेटवून काचेवर धरला की सोमल असेल तर काळा आरसा उमटतो. लेव्हिनियाच्या केसांचा आरसा असा उमटला होता, की क्रॅग म्हणाला, त्यात तोंड बघून दाढी करता आली असती.

मग तो हार्लंडच्या घरी गेला आणि सायलसचा दाढीचा डबा उघडला. वस्तऱ्याच्या कप्प्याखाली पत्र्याची डबी होती. तळाला चिमूटभर पांढरी पूड उरलेली.

देवमाणूस बायकोला रोज थोडं थोडं मारत होता. का, ते कधीच कळलं नाही. तीन वर्षांत तिला मूल झालं नव्हतं, हॅनालाही थिर्झामागे झालं नव्हतं. गाव पुढे तेच कारण धरून बसलं. मला वाटतं, त्याला कंटाळा आला होता. कारखान्यात नापसंत माल तो असाच निर्विकारपणे बाजूला सारायचा.

"मग ती सुटली," मी म्हणाले.

"उलट," क्रॅग म्हणाला. "आता ती नक्की लटकणार."

४

त्यानं मला समजावून सांगितलं, आणि त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. आतापर्यंत लेव्हिनियाला नवऱ्याला मारायला कारण नव्हतं. आता कारण आपणच शोधून सरकारी वकिलाच्या हातात दिलं. नवरा विष घालतोय हे तिला कळलं, त्याची डबी सापडली, तिनं त्याचंच विष त्याला घातलं. लापशी वर तीच नेत होती. ज्युरीला याहून सोपं काय हवं?

"पण तिला माहीत होतं असं तुम्हाला वाटतं?"

"नाही. माहीत असतं तर तिनं मेमध्ये सही करून उंदरांचं औषध आणलं नसतं, आणि रोज तो पेलाही प्यायला नसता. ती अडाण्यासारखी निर्दोष आहे. पण ते कोर्टात टिकत नाही. मला दुसरं माणूस हवंय. ज्याला सायलस काय करतोय ते कळलं होतं, आणि कळल्याची खूण कुठेतरी राहिलीय." तो थांबला. "डॉर्कसला कळलं असतं तर तिनं अख्ख्या गावाला ऐकवलं असतं. एनॉक वर गेला नाही. उरलं कोण, ते तुम्हालाही दिसतं. पण दाढी करणाऱ्या मुलीनं डबी पाहिली असेल, एवढ्यावर मी कोणाला धरू शकत नाही. पुरावा नाही."

तो गेल्यावर मी पाटासमोर बसले. हात कामाला लागेनात. डोळ्यांपुढे एकच गोष्ट येत होती. वाळलेल्या पोरीच्या अंगावर झगा लोंबतो आणि तिच्या मनगटात कडं रुततं, हे कसं?

केसांचं कडं आखडत नाही. मी विणलेलं तर नाहीच. ते आखूड झालं असेल तर कापूनच.

मी खण उघडून माझी वही काढली. हॅनाचं कडं, सोळा पेड, लांबी सात इंच. त्या घरात मी पाच दिवसांपूर्वी थिर्झाला चहाच्या वेळी भेटले होते. कपबशी देताना तिचा हात माझ्यासमोर आला होता. कडं सहा इंचांच्या आत होतं, आणि चाप काळ्या रेशमानं बसवला होता, घाईत, दुहेरी गाठ मारून. ती गाठ मी तिला शिकवली होती. त्या वेळी मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं स्वतःला सांगितलं.

आईच्या केसांचा इंचभर तुकडा मुलगी कशासाठी कापेल? लेव्हिनियाच्या केसांची झाली, तशी तपासणी करून घ्यायला. मार्चमध्ये लेव्हिनिया आजारी पडली आणि थिर्झानं सगळं दुसऱ्यांदा पाहिलं. त्याच उलट्या, तसेच गळणारे केस, बापाच्या हातात तोच पेला.

मी तीन दिवस गप्प बसले. हे मी लपवणार नाही. चौथ्या दिवशी बातमी आली, की लेव्हिनियाचा खटला कोर्टाच्या जुलैच्याच सत्रात उभा राहणार. मला ती बाई आवडत नव्हती. पण तिच्या गळणाऱ्या केसांची जुडी मी माझ्या हातानं बांधली होती.

मी क्रॅगला कड्याबद्दल सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि टोपी घातली.

"तुम्ही बरोबर येताय?" त्यानं विचारलं.

मला नाही म्हणायचं होतं. मी शाल घेतली.

५

थिर्झा स्वयंपाकघरात लेव्हिनियाच्या कपड्यांना इस्त्री करत होती. क्रॅगनं तिला कडं दाखवायला सांगितलं, तेव्हा तिनं आधी इस्त्री नीट उभी ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"मावशीनं ओळखलं," ती म्हणाली. रागानं नाही. शिकवलेलं बरोबर आलं का, हे विचारायची तशी.

तिनं झग्याच्या आतल्या खिशातून एक घडी केलेलं पत्र काढलं. लीड्सच्या रसायनवाल्याचं, मे महिन्यातलं. धाडलेल्या केसांत सोमल भरपूर सापडला, आणि तो केसांत भिनलेला असल्यानं उकळूनही गेला नाही, असं त्यात होतं. खाली त्यानं आपुलकीनं लिहिलं होतं, की या केसांची व्यक्ती हयात असेल तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावं.

"सहा वर्षं मी त्यांची दाढी केली," थिर्झा म्हणाली. "रोज सकाळी गळ्यावरून वस्तरा फिरवायचे. आणि ते डोळे मिटून पडायचे, इतका विश्वास. डबी मला पहिल्यापासून माहीत होती. मला वाटायचं, दाताची पावडर असेल."

"पोलिसांकडे का नाही आलात?" क्रॅगनं विचारलं.

"गेले होते. मेमध्ये. इथल्या ठाण्यात. हवालदारसाहेब म्हणाले, सावत्र आई आल्यापासून मुलींच्या डोक्यात काहीबाही येतं. पत्र त्यांनी उघडलंसुद्धा नाही. डॉक्टर पिनॉक म्हणाले, वडिलांची बदनामी करतेस, लाज वाटायला हवी." तिनं इस्त्रीवरचा हात काढला नव्हता. "दरम्यान ती रोज तो पेला पीत होती. मी किती दिवस थांबायला हवं होतं, साहेब?"

त्यानं खाली मान घालून विचारलं, "एकदाच का नाही दिलंत? दहा दिवस?"

"आईला सात आठवडे लागले," थिर्झा म्हणाली.

त्या एका वाक्यानं तिला फास दिला. क्रॅगला ते लिहून घ्यावंच लागलं. मी ते ऐकलं नाही असं कोर्टात म्हणू शकले असते. शपथेवर विचारलं, तेव्हा मी ऐकलं असं सांगितलं.

६

ज्युरीनं थिर्झाला दोषी ठरवलं आणि दयेची शिफारस केली. न्यायाधीश फाशी सुनावताना म्हणाले, बापाला दहा दिवस तडफडताना बघणारी मुलगी दया म्हणजे काय हे जाणत नाही. सायलसनं काय केलं, यावर कोर्टात अर्धा तास बोलणं झालं, पण मेलेल्यावर खटला चालत नाही. हॅनाच्या मृत्यूची नोंद अजूनही पोटाच्या तापाची आहे.

गावानं एका दिवसात कूस बदलली. काल लेव्हिनियाला टोपीवाली म्हणणारे आज "बिचारी हार्लंडबाई" म्हणू लागले, आणि थिर्झा लहानपणापासूनच कशी घुमी होती, हे सगळ्यांना आठवलं. डॉक्टर पिनॉकनी साक्ष दिली, की मेमध्ये ही मुलगी त्यांच्याकडे भ्रमिष्टासारखं काहीतरी बोलायला आली होती. हवालदाराला काहीच आठवलं नाही.

मी दयेचा अर्ज घेऊन दारोदार फिरले. एनॉकनं सही केली, कारखान्यातल्या एकतीस कारागिरांनी केली. शेवटी लेव्हिनियाकडे गेले. ती घर आवरत होती, स्कारबरोला परत चालली होती. केस खुरटे होते, पण नवे उगवत होते.

"तिनं तुमचा जीव वाचवला," मी म्हणाले.

"ठाऊक आहे." तिनं अर्ज वाचला, त्याची घडी घातली. "पाच आठवडे ती माझ्यासमोर येऊन बसली, मिस वेदरिल. माझे परकर धुऊन आणायची. मी रडायचे, तेव्हा रुमाल द्यायची. मला फाशी होणार हे तिला माहीत होतं, आणि एक शब्द बोलली नाही. माझा जीव तिनं वाचवला आणि मग परत घ्यायला निघाली होती. तिचं कुठलं देणं मी लागते, ते मला ठरवता येत नाही."

तिनं सही केली नाही. लंडनहून उत्तर आलं, की कायद्यानुसार होईल.

शेवटची भेट मला एकटीलाच दिली. अठरा मिनिटं, मध्ये पहारेकरीण. थिर्झाचे केस कापलेले होते. तुरुंगात कापलेले केस जाळून टाकतात.

मी वाटेत बरंच काही ठरवलं होतं. त्यातलं काही बोलले नाही. म्हणाले, "मला माफ कर, पोरी. मी गप्प बसले असते तर एक निर्दोष बाई गेली असती."

"तुम्ही बरोबर केलंत," थिर्झा म्हणाली. "मी रागावलेली नाही, मावशी."

मला हायसं वाटलं. ते तिला दिसलं असावं.

"दर आठवड्याला मी ठरवून जायचे, की आज तिला सांगायचं," ती म्हणाली. "गाडीत पाठ करायचे. तिच्यासमोर बसले की तोंड उघडायचं नाही. पण खटला उभा राहायच्या आधी मी बोलले असते. मला वाटतं, बोलले असते." तिनं हात टेबलावर उपडे ठेवले. "तुम्ही चार दिवस थांबला असतात, तर कळलं असतं. बाप विष घालणारा, मी विष घालणारी. त्याच्यात आणि माझ्यात तेवढा एकच फरक राहणार होता, की तो शेवटपर्यंत गप्प राहिला आणि मी बोलले. आता मी बोलले असते की नाही, हे मला मरेपर्यंत कळणार नाही."

मी म्हणाले, "तू बोलली असतीस."

"तुम्हाला असं म्हणावंच लागेल," थिर्झा म्हणाली.

पहारेकरणीनं वेळ संपल्याचं सांगितलं. थिर्झा उठली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि मागे न बघता आत गेली.